बार्शीवरचा रेफ

बार्शीच्या पेठेत दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर 'बार्शी' कशी लिहितो, ते कधी उभं राहून पाहावं. आधी 'बा', मग 'शी', मग वरून एक सरळ शिरोरेघ. सगळ्यात शेवटी तो कुंचला पुन्हा उचलतो आणि 'शी'च्या वेलांटीच्या डोक्यावर रेफाचा बाक मारतो. बोलताना 'र' हा 'श'च्या आधी येतो. पाटीवर तो सगळ्यांच्या शेवटी येतो, तोही उजव्या टोकाला, दुसऱ्याच्या डोक्यावर बसून. पेंटरला यात काही विशेष वाटत नाही. आधी काढलेलं न पुसता त्याच्यावर आणखी काढता येतं, एवढं त्याच्या धंद्याला पुरतं.

मराठी टाइपरायटरनंही हेच केलं. रेफाची कळ शेवटी दाबायची, म्हणजे गाडी पुढे न सरकता आधीच्या अक्षरावर बाक उमटतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली कुर्डुवाडीकडून अडीच फुटी रुळांची आगगाडी गावात आणली, तिच्या कंपनीला मात्र या भानगडीत पडावंच लागलं नाही. इंग्रजीत तिचं नाव 'बार्सी लाइट रेल्वे'. त्या 'बार्सी'ची पाचही रोमन अक्षरं एकमेकांना न शिवता रांगेत उभी.

संगणकाच्या पडद्याचा जन्म त्या रोमन रांगेसाठी झाला. काढलेल्यावर पुन्हा काढणं ही पेंटरची साधी कला त्याला येईपर्यंत पाव शतकाहून जास्त काळ गेला. ती कशी आली, कोणाच्या हातून आली, त्याची ही गोष्ट. तिची पात्रं मँचेस्टर, कॅलिफोर्निया, कानपूर आणि पुणे अशी चार ठिकाणी विखुरलेली आहेत.

सुरुवात एका अडचणीपासून करावी लागते. पडद्याला स्मरणशक्ती नसते. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत आतल्या लेपावर आपटतो, तिथं ठिपका उजळतो आणि क्षणात विझतो. चित्र टिकलेलं दिसावं म्हणून तो झोत सेकंदाला कित्येक वेळा वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवत राहावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत कुठला ठिपका पेटवायचा, कुठला नाही, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. दूरचित्रवाणीत ते केंद्रावरून येणारा सिग्नल सांगतो. संगणकाच्या बाबतीत कोण सांगणार? ठिपक्यांची यादी कुठेतरी साठवलेली हवी. त्या साठ्याला आज फ्रेमबफर म्हणतात. सगळी गंमत आणि सगळा खर्च त्या साठ्यात होता.

गंमत अशी की संगणकाच्या पहिल्यावहिल्या चालत्या स्मृतीत साठा आणि चित्र हे दोन नव्हतेच. मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी काचेच्या नळीच्या पृष्ठभागावरच विद्युतभाराचे ठिपके साठवायची युक्ती काढली. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या यंत्रानं स्मृतीत ठेवलेला कार्यक्रम पहिल्यांदा चालवून दाखवला. ३२ ओळी, प्रत्येकीत ३२ ठिपके, एकूण १,०२४. साठवणाऱ्या नळीच्या तोंडावर धातूची पट्टी असल्यामुळे तिच्यात काय आहे ते दिसत नसे, म्हणून शेजारी दुसरी नळी जोडून तीच ठिपकावली तिच्यावर उमटवत. यंत्राच्या डोक्यात काय चाललंय ते अक्षरशः दिसत होतं. पुढं फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती आली, ती जास्त भरवशाची होती, आणि हे दृश्य संपलं. यंत्राचं डोकं बंद पेटीत गेलं.

आपल्याकडं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० साली पूर्ण कामाला लागला. त्यात अशीच कड्यांची स्मृती होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिटं. त्याला आलेख आणि अक्षरं दाखवणारी काचेची नळीही जोडलेली होती. पण ठिपक्याठिपक्याचं चित्र साठवायचं म्हटलं असतं तर? पुढं १९८०च्या दशकात दिसू लागलेल्या एका साध्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अडीच लाख ठिपके होते. टिफ्रॅकची सगळीच्या सगळी स्मृती ओतली असती तरी त्याचा तिसरा हिस्सा भरला असता, आणि मग गणित करायला यंत्रात जागाच उरली नसती.

म्हणून जगभर दोन पळवाटा निघाल्या. एक, झोताला थेट रेघा मारायला लावायच्या. ठिपके साठवायचेच नाहीत, फक्त रेघांची टोकं साठवायची. दुसरी पळवाट जास्त चालली आणि देवनागरीच्या मुळावर आली. पडद्याचे ठरावीक मापाचे खण पाडायचे, प्रत्येक खणात एक अक्षर. स्मृतीत ठिपके नाहीत, फक्त 'या खणात अमुक क्रमांकाचं अक्षर' एवढी नोंद. अक्षराचा आकार कायमच्या कोरलेल्या एका चिपमध्ये. स्वस्त, जलद, आणि इंग्रजीला अगदी पुरेसं. एका खणात एकच अक्षर. त्याच्या डोक्यावर दुसरं काही चढवायची सोय नाही.

या खणांच्या तुरुंगातून सुटका झाली ती कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. डिक शूप तिथं १९७२-७३मध्ये रंगीत चित्रं काढायचं यंत्र बांधत होते. नाव सुपरपेंट. ६४० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येकाला आठ बिटं, म्हणजे एका वेळी २५६ रंग. एकूण तीन लाखांहून जास्त बाइट. एवढी हवी तिथून वाचता येणारी स्मृती विकत घेणं परवडणारं नव्हतं. शूप यांनी दोन-दोन किलोबिटांच्या शिफ्ट रजिस्टर चिपांनी भरलेले सोळा बोर्ड रचले. या चिपांत माहिती जागेवर बसत नाही, ती सतत पुढं सरकत राहते. विहिरीवरच्या रहाटासारखं: माळ फिरतच असते, तुम्हाला हवं ते गाडगं वर येईपर्यंत थांबायचं, आलं की चटकन भरायचं किंवा रिकामं करायचं. शूप यांनी ही माळ टीव्हीच्या झोताशी जुळवून फिरवली. झोत ज्या ठिपक्यावर, त्याच ठिपक्याचं गाडगं त्या क्षणी वर. एक ठिपका बदलायचा तर जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद थांबावं लागे. मला ही तोड आजही थक्क करते, कारण तिच्यात स्वस्त मालाच्या दोषाचाच उपयोग करून घेतला आहे. माळ फिरतेच ना, मग पडद्यालाही फिरतीच माळ हवी असते.

एप्रिल १९७३मध्ये त्या साठ्यात पहिलं चित्र उतरलं. कॅमेऱ्यासमोर शूप स्वतःच उभे होते, हातात एक पाटी. तिच्यावर लिहिलं होतं, चालतंय, म्हणजे तसं चालतंय. वैज्ञानिक शोधाच्या इतिहासात इतकी प्रामाणिक घोषणा विरळाच.

झेरॉक्सच्या वरिष्ठांना रंगाचं काय करायचं ते कळलं नाही. कार्यालयात रंग कशाला, असा हिशेब झाला. शूप यांच्याबरोबर काम करणारे अॅल्वी रे स्मिथ यांना बाहेर पडावं लागलं. ते पुढं पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. शूप यांना या कामासाठी नंतर एमी मिळालं आणि १९९८ साली स्मिथ व टॉमस पोर्टर यांच्यासोबत ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार. ही बाजू रंगतदार आहे, पण बार्शीच्या रेफाशी तिचा संबंध नाही. त्याचा संबंध त्याच केंद्रात चाललेल्या दुसऱ्या, रंगहीन कामाशी आहे.

त्याच १९७३च्या वसंतात तिथं आल्टो नावाचा संगणक सुरू झाला होता. चक थॅकर यांनी तो घडवला. त्याचा पडदा कागदासारखा उभा, ६०६ ठिपके रुंद, ८०८ उंच. प्रत्येक ठिपक्यामागे मुख्य स्मृतीतलं एक बिट: शून्य म्हणजे पांढरा, एक म्हणजे काळा. हा हिशेब साधारण ६१ हजार बाइटांवर जातो, आणि आल्टोची सगळी स्मृती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती नुसत्या पडद्याच्या नावावर! पडदा ताजा ठेवण्यातच मशीनचा निम्म्याहून जास्त वेळ जाई. हिशेबनिसानं हा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत फेटाळला असता. केंद्रातल्या मंडळींचं म्हणणं असं की स्मृती दर वर्षी स्वस्त होत जाणार, तेव्हा दहा वर्षांनंतर जे परवडेल ते आज महागात बांधून पाहू.

बांधलं खरं. आता पडद्यावरचा कुठलाही ठिपका हवा तसा पेटवता येत होता. पण नवीच पीडा उभी राहिली.

आल्टो स्मृतीतून एका वेळी १६ बिटांचा एक शब्द उचलायचा. त्याहून लहान तुकडा उचलायची सोय नाही. समजा, 'श'चं चित्र १२ ठिपके रुंद आहे आणि ते ओळीतल्या १० क्रमांकाच्या ठिपक्यापासून सुरू करायचंय, मोजणी शून्यापासून. तर त्याचे पहिले सहा ठिपके एका शब्दाच्या शेपटाला पडतात आणि उरलेले सहा पुढच्या शब्दाच्या तोंडाला. त्या दोन्ही शब्दांत शेजारच्या अक्षरांचे ठिपकेही आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. म्हणजे 'श'च्या प्रत्येक आडव्या पट्टीसाठी ती दहा घरं सरकवायची, दोन तुकडे करायचे, जुना शब्द उचलायचा, त्यातली आपली जागा तेवढी झाकून काढायची, नवा तुकडा बसवायचा, शब्द परत ठेवायचा, मग पुढचा शब्द. एका अक्षराला अशा पंधरा-वीस पट्ट्या. एका पानाला हजारो अक्षरं.

मजकूर दाखवायला एक असा तुकडा लिहिलेला. पान वर सरकवायला दुसरा. रेघ मारायला तिसरा, खिडकी हलवायला चौथा. प्रत्येकात तेच सरकवणं, तेच झाकणं, थोड्याफार फरकानं, आणि प्रत्येकात स्वतःच्या वेगळ्या चुका.

त्याच केंद्रातल्या अॅलन के यांच्या गटात डॅन इंगल्स नावाचे तिशीतले प्रोग्रॅमर होते. के यांच्या पानभर टिपणावरून स्मॉलटॉक भाषेची पहिली चालती आवृत्ती त्यांनीच उभी केली होती. १९७५च्या शरदात इंगल्स, डायना मेरी, लॅरी टेस्लर आणि बॉब स्प्राउल या मंडळींनी या सगळ्या तुकड्यांकडं एकत्र पाहिलं. आणि जे दिसलं ते इतकं साधं होतं की आधी कोणाला कसं दिसलं नाही, असं वाटावं. अक्षर काढणं, पान सरकवणं, खिडकी हलवणं, बाण फिरवणं, ही वेगवेगळी कामं नव्हतीच. सगळं एकच काम होतं: स्मृतीतल्या एका चौकोनातले ठिपके उचलून दुसऱ्या चौकोनात ठेवणं. अक्षराचं चित्र हा स्मृतीत कुठेतरी पडलेला एक चौकोन. पडदा हाही स्मृतीतलाच एक मोठा चौकोन. एकातून दुसऱ्यात.

पण ठेवणं म्हणजे नेमकं काय? खरा शोध या प्रश्नात होता. तिथं आधी काही काढलेलं असेल तर त्याचं काय करायचं? त्यांनी चार रीती ठरवल्या. एक, जुनं पुसून नवं ठेवणं. दोन, जुन्यावर नवं रंगवणं: दोघांपैकी एकाचाही ठिपका काळा असेल तर तो काळा. तीन, जिथं नवा ठिपका काळा तिथं जुना उलटवणं. चार, नव्याच्या आकारानं जुनं खोडणं. तिसऱ्या रीतीची खुबी अशी की तीच क्रिया दोनदा केली की पडदा होता तसा परत येतो. निवडलेला मजकूर काळा-पांढरा उलटा होतो आणि निवड सोडली की पूर्ववत होतो, ते यातूनच आलं.

आणि दुसरी रीत म्हणजे आपल्या पेंटरचा शेवटचा फटकारा. 'शी' काढून झालेली आहे, तिला धक्का न लावता तिच्यावर रेफ चढवायचा. खणांच्या पडद्यावर ही क्रिया अशक्य होती, कारण तिथं स्मृतीत 'शी'चे ठिपकेच नव्हते, फक्त क्रमांक होता. क्रमांकावर रेफ कुठून चढणार?

एक सापळा आणखी होता. उचलायचा चौकोन आणि ठेवायचा चौकोन एकमेकांत शिरलेले असले तर? पान खाली सरकवायचंय आणि तुम्ही वरच्या ओळीपासून नकलायला लागलात, तर पहिली ओळ दुसरीवर जाऊन बसते. मग दुसरी उचलायला जावं तर तिथं पहिलीच असते. शेवटी पानभर एकच ओळ. म्हणून खाली सरकवताना खालून सुरुवात करायची, वर सरकवताना वरून. ही दिशा स्वतः ओळखणं त्यांनी त्या एकाच क्रियेत घातलं. या क्रियेचं नाव बिटब्लिट. तिच्यावरचं टिपण नोव्हेंबर १९७५चं आहे. इंगल्स यांनी तिचा गाभा आल्टोच्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे यंत्राच्या सगळ्यात आतल्या थरात बसवला, आणि जे काम आधी डोळ्याला खुपेल इतकं रेंगाळत होतं ते झपकन होऊ लागलं.

थोडं आडवाटेला जातो. या डॅन इंगल्स यांचे वडील डॅनियल इंगल्स हे हार्वर्ड विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक. बाराव्या शतकाच्या आसपास बंगालमधल्या विद्याकर या बौद्ध पंडितानं केलेल्या 'सुभाषितरत्नकोश' या संग्रहाचा त्यांनी १९६५ साली इंग्रजीत अनुवाद केला, तो आजही नावाजला जातो. त्या अनुवादाला आधार होता १९५७च्या चिकित्सक आवृत्तीचा. तिचे संपादक दोन: दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले, एक गोव्यात जन्मलेले, दुसरे फर्ग्युसन महाविद्यालयातले. आणि कोसंबी तेव्हा नोकरीला कुठं होते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथं त्याच काळात टिफ्रॅकची जुळणी चालली होती. पुण्याहून ते डेक्कन क्वीननं ये-जा करत. यातून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. मुलानं ती दुसरी रीत रेफासाठी शोधली नव्हती. तरी जोडाक्षरांनी भरलेल्या घरातल्या मुलाकडून ती आली, हे कळल्यावर मला बरं वाटलं, ते कशाला लपवू?

डिसेंबर १९७९मध्ये अॅपलची मंडळी हे सगळं पाहायला केंद्रात आली. त्यांत स्टीव्ह जॉब्स होते. पडद्यावर मजकूर ओळीओळीनं उडी मारत वर जात होता. हा सलग, अलगद सरकला तर बरं, असं जॉब्स म्हणाले. इंगल्स तिथंच होते. त्यांनी मशीन न थांबवता, चालू कार्यक्रमातच थोडा बदल केला, आणि मजकूर ठिपक्याठिपक्यानं सरकू लागला. पाहुण्यांनी काय पाहिलं ते नंतर मॅकिन्टॉशमध्ये जगानं पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्येही पडद्यावर चित्र नकलणाऱ्या मूळ आज्ञेचं नाव आजवर बिटब्लिट हेच आहे.

मॅकिन्टॉश मात्र आपल्याकडं फार थोड्या टेबलांवर आला. आपल्याकडं आला तो आयबीएमचा पीसी आणि त्याच्या नकला, आणि पीसीनं खणांचा तुरुंग पुन्हा बांधला होता. १९८१च्या त्या यंत्राच्या एकरंगी कार्डावर चार किलोबाइटांची स्मृती. २५ ओळी, ओळीला ८० खण, खणाला दोन बाइट: एक अक्षराचा क्रमांक, एक त्याची ठळक-फिकट तऱ्हा. बेरीज चार हजार बाइट. खण ९ ठिपके रुंद, १४ उंच. अक्षरं २५६, चिपमध्ये कोरलेली. आणि एक बारीक गोष्ट, जी इंग्रजीवाल्यांच्या ध्यानातही येणार नाही: चिपमध्ये आकार आठच ठिपक्यांचा, नववा ठिपका कोराच सोडायचा, म्हणजे अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. चौकटीच्या रेघा काढायला ३२ क्रमांक तेवढे राखीव, त्यांनाच नवव्या ठिपक्यावर पाय ठेवायची मुभा. म्हणजे चिप बदलून त्या खणांत देवनागरी कोंबली असती, तरी शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटली असती. रेफाची गोष्ट तर दूरच.

हा तुरुंग आधी एका थाई माणसानं फोडला, आणि तोही प्रबंधापायी. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. थाईतही चिन्हांवर चिन्हं चढतात. एकरंगी कार्डाचे खण बदलेनात, रंगीत कार्डाचे ठिपके फार जाडे. त्यांनी १९८२ साली स्वतःचंच कार्ड बनवलं: हर्क्युलिस. ७२० गुणिले ३४८ ठिपके, प्रत्येकावर प्रोग्रॅमची सत्ता. मूळ पडद्यावर ३५० ओळी होत्या; या कार्डात ओळी चार-चारच्या फेऱ्यांत वेगवेगळ्या कप्प्यांत साठवल्या जात, म्हणून चारानं भाग जाणारा आकडा घेतला आणि दोन ओळी सोडून दिल्या. जगानं हे कार्ड आलेख आणि तक्ते पाहायला विकत घेतलं. ते एका लिपीसाठी जन्माला आलं होतं, हे किती जणांना माहीत असेल?

साधारण त्याच वेळी आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवनागरी पडद्याशी झुंजत होते. त्यांत मोहन तांबे होते. १९८३च्या दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांनी देवनागरी संगणकाचा नमुना दाखवला. त्यामागचा विचार हार्डवेअरपेक्षा धाडसी होता, असं माझं मत आहे. तोवरचे बहुतेक प्रयत्न आकार साठवत: अर्धा श, पूर्ण श, रेफ, वेलांटी, टाइपच्या खिळ्यांसारखे. कानपूरनं म्हटलं, साठवायचा तो उच्चार. आकार काय होईल ते पडद्याकडं जाताना यंत्र ठरवेल. म्हणजे 'बार्शी' स्मृतीत ब, काना, र, हलन्त, श, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, बोलण्याच्या क्रमानं. हीच रीत पुढं इस्की या भारतीय मानकात आली, आणि १९९१च्या मानकातले त्यांचे आकडे २०२, २१८, २०७, २३२, २१३, २२०. रेफ असा आकडाच नाही. २०७ नंतर २३२ आणि मग व्यंजन दिसलं की यंत्रानं समजायचं: हा 'र' इथं काढायचा नाही, हातात धरून ठेवायचा; पुढचं व्यंजन काढायचं, त्याची वेलांटी काढायची, आणि मग मागं न जाता तिच्या डोक्यावर बाक रंगवायचा. पेंटरच्या हाताला जे ठाऊक होतं ते पहिल्यांदा नियम म्हणून लिहिलं गेलं.

मराठीनं या नियमाला लगेच एक पेच घातला. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. दोन्हींत र, हलन्त, य. हिंदीला दुसरा प्रकार लागतच नाही. मानकात 'ऱ'ला वेगळा २०८ आकडा होता, त्यानं आपली सोय झाली. १९६, २०७, २३२, २०५, २१८ लिहिलं तर समुद्र. २०७च्या जागी २०८ टाकला की दऱ्या. एका आकड्याच्या फरकानं चित्रातला तुकडा 'या'च्या डोक्यावरून उतरून त्याच्या डाव्या अंगाला पापणीसारखा येऊन बसतो.

मार्च १९८८मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली. वर्तमानपत्रं परम या महासंगणकाच्या बातम्यांनी भरली. कानपूरचं लिपीचं काम, म्हणजे जिस्ट, तांबे यांच्यासह त्याच सुमारास पुण्यात आलं, त्याची फारशी बातमी झाली नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या आयुष्यात परमपेक्षा जिस्ट जास्त खोलवर गेलं. ते एक कार्ड होतं, पीसीच्या पोटातल्या फटीत बसवायचं. वर्डस्टार, डीबेस असे इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम नेहमीप्रमाणे आपल्या खणांत क्रमांक टाकत राहत. कार्ड ते क्रमांक वाचून अक्षरं जुळवी आणि स्वतःच्या साठ्यातून ठिपक्यांनी पडद्यावर देवनागरी उमटवी. कार्यक्रमाला वाटे आपण नेहमीचंच काम करतोय. सरकारी कचेऱ्यांमधल्या याद्या आणि दाखले संगणकावर भारतीय भाषांत यायला लागले ते मोठ्या प्रमाणात याच वाटेनं.

पुढं यंत्रंच इतकी वेगवान झाली की वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. १९९१चं युनिकोड देवनागरीपुरतं इस्कीच्याच १९८८च्या मांडणीवरून बेतलं गेलं. उच्चाराच्या क्रमानं साठवायचं, आकाराच्या क्रमानं काढायचं, हा कानपूरचा करार त्यात तसाच राहिला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला आणि रेफ ही फॉन्टच्या पोटातली साधी नोंद झाली. आज बार्शी तालुक्यातला शेतकरी मोबाइलवर सातबारा उघडतो. हजार ऐंशी गुणिले चोवीसशे ठिपक्यांचा पडदा धरला, ठिपक्याला चार बाइट धरले, तर एका चित्राला एक कोटी बाइटांहून जास्त, आणि सेकंदाला साठ चित्रं. 'तालुका : बार्शी' या ओळीतला रेफ प्रत्येक वेळी कुठल्याशा चौकोनातून उचलला जाऊन 'शी'वर रंगवला जातो. आल्टोच्या मंडळींनी केलेला स्मृती स्वस्त होण्याचा अंदाज त्यांच्या कल्पनेपलीकडं खरा ठरला.

मात्र मधल्या काळातली एक गाठ अजून सुटलेली नाही. जिस्टनंतर आणि युनिकोड रुळण्याआधी, डीटीपीच्या भरभराटीच्या वर्षांत, आपल्या छापखान्यांनी आणि वर्तमानपत्रांनी कानपूरचा करार मोडला. जो तो आपापल्या फॉन्टचे आकारच साठवू लागला, काढायच्या क्रमानं: बा, श, वेलांटी, शेवटी रेफ. छपाई सुंदर झाली, लग्नपत्रिका देखण्या झाल्या. स्मृतीतून पडद्यावर जाताना काही बिघडत नव्हतं, पण उलट दिशेचा रस्ता कोणी बांधलाच नव्हता. त्या फायली युनिकोडमध्ये आणताना आकडा बघून आकडा बदलला की रेफ आपल्या चित्रातल्या जागीच राहतो, उच्चारातल्या जागी परतत नाही. जुन्या फॉन्टांत बनलेल्या पीडीएफमधला मजकूर नकलून पाहिला तरी हाच अनुभव येतो. तिथं 'बार्शी' शोधली तर एकही निकाल येत नाही. 'बाशीर्' शोधली की येतात. गावाच्या दोन-तीन दशकांच्या बातम्या, जाहिराती आणि निधनवार्ता या दुसऱ्या नावाखाली पडून आहेत, आणि त्या बाहेर काढायला कन्व्हर्टर लिहिणाऱ्यांना तोच कानपूरचा नियम आता उलटा लिहावा लागतोय: रेफ दिसला की मागं जा, वेलांटी ओलांड, व्यंजन ओलांड, आणि मग 'र' ठेव.